सिलिॲक आहे की नाही हे नीट सांगणारा आणि खिशाला झेपणारा डॉक्टर कसा शोधायचा

तपासण्या पूर्ण होईपर्यंत ग्लुटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यातलं प्रथिन, बंद करू नका. हे डॉक्टर शोधायच्याही आधीचं आहे म्हणून पहिल्यांदा लिहितेय, कारण बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरू करतात, म्हणजे नेटवर काहीतरी वाचायचं, गहू सोडायचा, महिनाभरात जरा बरं वाटायला लागतं आणि मग डॉक्टरकडे जाऊन म्हणायचं की आता टेस्ट करून सांगा मला सिलिॲक आहे का. तिथे डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याचा नाइलाज होतो. सिलिॲकमध्ये गहू, बार्ली आणि राय यांच्यातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते, रक्तात अँटीबॉडी तयार होतात आणि आतड्याचं मखमलीसारखं अस्तर झिजत जातं. टेस्टमध्ये याच दोन गोष्टी बघतात. ग्लुटेन थांबलं की अँटीबॉडी हळूहळू उतरतात, अस्तर भरून यायला लागतं आणि आजार तसाच असून रिपोर्ट मात्र नॉर्मल येतो. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची सूचना आहे की टेस्टच्या आधी किमान ६ आठवडे रोज, आणि दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा, जेवणात ग्लुटेन असायला हवं. नेहमीचं खाणं चालू असेल तर वेगळं काही करायची गरज नाही, फक्त थांबू नका.

आधी एक कागद तयार करा

फाइलचा गठ्ठा नको, एकच कागद. त्यावर काय काय त्रास आहे आणि कधीपासून, हे लिहायचं. जुलाब, गॅस, पोट फुगणं एवढंच लिहून थांबू नका. सिलिॲक बऱ्याचदा पोटाबाहेर दिसतो: गोळ्या खाऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, सारखं तोंड येणं, सततचा थकवा, हाडं ठिसूळ होणं, मूल न राहणं किंवा वारंवार गर्भपात, मुलांची उंची न वाढणं, कारण सापडत नाही असे वाढलेले लिव्हर एन्झाइम, हातापायाला मुंग्या. कोपर, गुडघे, कुल्ले इथे प्रचंड खाजणारे बारीक फोड येत असतील तर ते ठळक लिहा, त्याच्याबद्दल खाली वेगळं सांगते.

मग घरातलं. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलं यांच्यात कोणाला सिलिॲक, टाइप १ डायबिटीस किंवा थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार आहे का. मग चालू असलेली औषधं, सगळी, कारण स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर अँटीबॉडी खोट्या कमी दिसू शकतात. आणि शेवटी जुन्या रिपोर्टमधले आकडे तारखेसकट. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, व्हिटॅमिन डी, थायरॉइड. तीन वर्षांचं फेरिटिन एकाखाली एक लिहिलेलं असलं आणि तिन्ही वेळा खालीच असलं, की साध्या डॉक्टरच्याही डोक्यात प्रश्न येतो की हे लोह जातंय कुठे. वेगवेगळ्या फाइलीत पडलेले तेच आकडे कोणी बघत नाही. आणि हो, अलीकडेच झालेल्या टेस्ट परत कराव्या लागत नाहीत, तिथे पहिले पैसे वाचतात.

सुरुवात स्पेशालिस्टकडून करायची गरज नाही

पहिली रक्ततपासणी नेहमीचा फॅमिली डॉक्टर लिहून देऊ शकतो. स्पेशालिस्टची फी भरून, दोन-तीन महिन्यांची अपॉइंटमेंट घेऊन, तिथे गेल्यावर "आधी ही ब्लड टेस्ट करून या" एवढंच ऐकायला मिळणं यासारखा मनस्ताप नाही. त्यापेक्षा फॅमिली डॉक्टरला सरळ सांगा की मला सिलिॲकसाठी टीटीजी आयजीए आणि सोबत टोटल आयजीए करायचंय (दोन्ही रक्तातल्या अँटीबॉडीच्या टेस्ट), कागद पुढे ठेवा. उपाशीपोटी जायची गरज नसते.

काही डॉक्टर हात झटकतात. "हा लहान मुलांचा आजार आहे" किंवा "तुमचं वजन तर चांगलंय, तुम्हाला कुठून सिलिॲक" ही दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. दोन्ही चुकीची आहेत. सॅम्युअल गी या इंग्लिश डॉक्टरने १८८८ मध्ये या आजाराचं वर्णन केलं तेव्हाच लिहून ठेवलं होतं की तो सगळ्या वयात दिसतो, तरी अजून हेच चालू आहे. आणि वजन नॉर्मल किंवा जास्त असलेले सिलिॲकचे पेशंट भरपूर असतात. जगात साधारण १०० माणसांमागे एकाला हा आजार असतो, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही. तर असं वाक्य ऐकलं की वाद घालत बसू नका, टेस्ट लिहून देणारा दुसरा डॉक्टर बघा.

कोणती टेस्ट करायची आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत

टीटीजी आयजीए ही मुख्य. टोटल आयजीए सोबत का, तर काही लोकांच्या शरीरात आयजीए या प्रकारची अँटीबॉडी मुळातच बनत नाही, सिलिॲक असलेल्यांमध्ये हे प्रमाण २ ते ३ टक्के आहे, आणि अशांचा टीटीजी आयजीए आजार असूनही शून्याच्या आसपास येणार. टोटल आयजीए खूप कमी निघालं तर मग आयजीजी प्रकारच्या टेस्ट करायच्या, डीजीपी आयजीजी किंवा टीटीजी आयजीजी. ईएमए ही अजून एक टेस्ट आहे, ती खात्री करायला वापरतात, पहिल्याच दिवशी लागत नाही.

रिपोर्ट वाचताना नुसता आकडा बघू नका. प्रत्येक लॅबचं किट वेगळं, त्यामुळे एकीकडचा १८ पॉझिटिव्ह असतो आणि दुसरीकडचा १८ निगेटिव्ह. बाजूच्या कॉलममध्ये लॅबची मर्यादा छापलेली असते, तिच्या किती पट आहे ते बघायचं. समजा मर्यादा २० आहे आणि तुमचा २६ आला, तर तो किंचित वाढलेला, कधीकधी दुसऱ्या कारणानेही एवढा वाढतो. २०० च्या वर गेला म्हणजे मर्यादेच्या १० पट, हे फार वेगळं प्रकरण आहे.

आता पैसे कुठे घालवायचे नाहीत. १०० पदार्थांची "फूड इनटॉलरन्स" आयजीजी टेस्ट, केसांची टेस्ट, घरी बसून विष्ठा पाठवायची टेस्ट, यातल्या कशानेही सिलिॲकचं निदान होत नाही. जुन्या अँटी-ग्लायडिन टेस्टचे दिवस गेले, अजूनही कोणी तेवढीच लिहून देत असेल तर समजून जा. जीन टेस्ट म्हणजे एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८, ती महाग असते आणि पहिल्या फेरीत जवळजवळ कधीच लागत नाही, कारण हे जीन ३० ते ४० टक्के लोकांमध्ये असतात आणि त्यातल्या बहुतेकांना सिलिॲक कधीच होत नाही. पॉझिटिव्ह आली तरी काही सिद्ध होत नाही. निगेटिव्ह आली तर मात्र सिलिॲक जवळपास बाद. म्हणून ती अडलेल्या केससाठी राखून ठेवायची.

आता स्पेशालिस्ट

रक्तात पॉझिटिव्ह आलं, किंवा निगेटिव्ह येऊनही लक्षणं एकदम बोलकी आहेत, तर गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट, म्हणजे पोट-आतड्यांचा स्पेशालिस्ट. मुलांसाठी मुलांचा गॅस्ट्रो, मोठ्यांचा नको, कारण मुलांचे नियमच वेगळे आहेत. युरोपच्या मुलांच्या गॅस्ट्रो संस्थेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे टीटीजी मर्यादेच्या १० पट किंवा जास्त असेल आणि वेगळ्या दिवशी घेतलेल्या रक्तात ईएमए पण पॉझिटिव्ह असेल तर बायोप्सीशिवाय, म्हणजे आतड्याचे तुकडे काढून तपासल्याशिवाय, निदान करता येतं. म्हणजे लेकराची एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून करायची तपासणी) आणि भूल दोन्ही टळू शकतं, खर्च पण. हे माहीत नसलेला डॉक्टर सरळ एंडोस्कोपीची तारीख देतो. मोठ्यांमध्ये अजूनही बायोप्सी हाच नेहमीचा रस्ता आहे, काही ठिकाणी खूप जास्त टीटीजी असलेल्या मोठ्या माणसांनाही सूट देतात पण ते डॉक्टरशी बोलूनच ठरवायचं.

शोधायचं कुठे? लोक स्टार रेटिंग बघतात, त्याचा उपयोग फार नाही, रेटिंग पार्किंग आणि रिसेप्शनवरून पडतं. शिवाय गॅस्ट्रोमध्येही कोणी लिव्हरचा असतो, कोणी फक्त स्कोपीच करतो, नाव मोठं असलं म्हणून सिलिॲकमध्ये रस असेलच असं नाही. माझ्या मते सगळ्यात खरी माहिती दोन ठिकाणी मिळते. एक, सिलिॲकचा डाएट सांभाळणारे डाएटिशियन. त्यांच्याकडे सगळ्या डॉक्टरांचे पेशंट येतात, कोणाचे पेशंट पूर्ण निदान होऊन येतात आणि कोणाचे "गहू बंद करून बघा" एवढ्या एका ओळीवर येतात हे त्यांना पक्कं माहीत असतं. दोन, टाइप १ डायबिटीसच्या मुलांना बघणारे डॉक्टर, कारण त्या मुलांची सिलिॲकसाठी नियमित तपासणी करावी लागते, त्यामुळे पुढे कोणाकडे पाठवायचं हे त्यांचं ठरलेलं असतं. याशिवाय पेशंट सपोर्ट ग्रुप. तिथे "चांगला डॉक्टर सांगा" असं विचारू नका, पन्नास नावं येतील. "तुमच्या एंडोस्कोपीत किती बायोप्सी घेतल्या" असं विचारा, मग बघा.

आणि मेडिकल कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल. गर्दी असते, थांबावं लागतं, तरुण शिकाऊ डॉक्टर आधी तपासतात आणि तेच सगळं दुसऱ्यांदा सांगावं लागतं, पण फी कमी आणि गॅस्ट्रो, पॅथॉलॉजी, डाएटिशियन एका छताखाली. खर्चाचा प्रश्न असेल तर मी आधी तिथेच जायला सांगेन. फक्त तारीख लांबची मिळाली तर मधल्या काळात ग्लुटेन चालूच ठेवायचं, आणि त्रास फार वाढला तर फोन करून तारीख अलीकडे ओढून घ्यायची.

फोनवर आणि पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न

फोनवर रिसेप्शनला एवढंच: "सिलिॲकची शंका आहे, रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, डॉक्टर सिलिॲकचे पेशंट नेहमी बघतात का, आणि डाएटिशियन तिथेच आहे का?" समोरून "हो, रिपोर्ट घेऊन या, खाणं बंद करू नका" असं आलं तर समजा की त्या दवाखान्यात हा आजार रोजचा आहे. रिसेप्शनला हे माहीत असतं ते डॉक्टरने शिकवलं म्हणूनच.

समोरासमोर भेटल्यावर माझ्या लेखी सगळ्यात कामाचा प्रश्न म्हणजे "बायोप्सी किती घ्याल आणि कुठून?" बरोबर उत्तर असं असतं की ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या, दुसऱ्या भागातून किमान ४ आणि सुरुवातीच्या बल्बमधून १ किंवा २. इतके का, तर सिलिॲकची झीज ठिकठिकाणी असते, एका जागी अस्तर चांगलं आणि बोटभर अंतरावर झिजलेलं. त्याला जोडून दुसरा प्रश्न, "कॅमेऱ्यात सगळं नॉर्मल दिसलं तरी बायोप्सी घ्याल ना?" घ्यायलाच पाहिजे, कारण बऱ्याच जणांचं आतडं नुसत्या डोळ्यांना ठीकच दिसतं.

हे प्रश्न विचारायला संकोच वाटतो, डॉक्टरला राग येईल असं वाटतं. माझ्या बहिणीच्या पहिल्या एंडोस्कोपीत एकच तुकडा घेतला होता, रिपोर्टमध्ये पॅथॉलॉजिस्टने लिहिलं की तुकडा लहान आहे, नीट उभा बसलेला नाही, विलायबद्दल (अस्तरावरच्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांबद्दल) मत देता येत नाही. तेवढ्या एका ओळीमुळे पुन्हा सगळा खर्च, पुन्हा नळी. तेव्हा विचारा. ज्याला माहीत असतं तो अर्ध्या मिनिटात उत्तर देतो आणि चिडत पण नाही. चिडणाऱ्याकडे, "ते आमच्यावर सोडा" म्हणणाऱ्याकडे किंवा टेस्टच्या आधीच ग्लुटेन बंद करायला सांगणाऱ्याकडे मी तरी परत जाणार नाही.

फोडांचं राहिलं. मघाशी म्हटलं ते खाजरे फोड डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस असू शकतात, तो सिलिॲकचाच त्वचेवरचा अवतार आहे. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ फोडाच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा छोटा तुकडा घेतो आणि त्यावर इम्युनोफ्लुरोसन्स नावाची तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर आतड्याच्या बायोप्सीची सहसा गरज पडत नाही. फोडातूनच तुकडा घेतला तर रिपोर्ट चुकू शकतो, त्यामुळे "बाजूच्या त्वचेतून घेणार ना" हे इथेही विचारा.

खर्चाचं बोलणं

ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. पहिल्याच भेटीत सांगा की खर्च जपून करायचाय, टेस्ट टप्प्याटप्प्याने करू या. शहाणा डॉक्टर टप्पे पाडूनच देतो: आधी रक्त, मग गरज असेल तर एंडोस्कोपी, जीन टेस्ट फक्त अडलं तर.

एंडोस्कोपीच्या आधी लेखी अंदाज मागा आणि त्यात नुसती "एंडोस्कोपी" एवढी एक ओळ चालवून घेऊ नका. स्कोपीची फी, भुलीची फी, हॉस्पिटलचे चार्जेस आणि पॅथॉलॉजी असे चार भाग असतात आणि चौथा बऱ्याचदा नंतर वेगळ्या बिलाने येतो, काही लॅब तर प्रत्येक बाटलीमागे वेगळे पैसे लावतात. बल्बचे आणि पुढचे तुकडे वेगळ्या बाटल्यांत पाठवणार का आणि त्याने बिल किती बदलतं हे विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी भुलीऐवजी घशात स्प्रे मारूनही स्कोपी करतात, पाच-दहा मिनिटांचं काम असतं, सोसवत असेल तर तेवढे पैसे वाचतात आणि त्याच दिवशी कामावर जाता येतं. इन्शुरन्स असेल तर मंजुरी आधी, तारीख नंतर, आणि डे-केअरमध्ये बसतं का ते आधी विचारा.

दुसरं मत हवं असेल तर लगेच दुसरी एंडोस्कोपी करू नका. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात, ते मागून आतड्याच्या बायोप्सी नेहमी वाचणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून परत वाचून घेता येतात. याला एंडोस्कोपीच्या मानाने फार कमी खर्च येतो. ब्लॉकचा नंबर रिपोर्टवर असतो, फोटो काढून ठेवा. नुसता सल्ला हवा असेल तर व्हिडिओ कॉलवर लांबच्या तज्ज्ञालाही रिपोर्ट दाखवता येतात.

आधीच ग्लुटेन सोडून बसला असाल तर

घाबरू नका, पण एकट्याने काही करू नका. अशा वेळी डॉक्टर ग्लुटेन चॅलेंज सुचवतात, म्हणजे ठरावीक काळ पुन्हा ग्लुटेन खायचं आणि मग तपासायचं. अमेरिकन गॅस्ट्रो संस्थेच्या २०१३ च्या सूचनेत रोज ३ ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे ब्रेडचे दोनएक स्लाइस, किमान २ आठवडे आणि झेपलं तर ८ आठवड्यांपर्यंत असं होतं. जास्त दिवस खाल्लं तर रिपोर्टची खात्री वाढते. इथे मात्र जीन टेस्ट आधी करणं फायद्याचं असतं, ती निगेटिव्ह आली तर चॅलेंजचा सगळा त्रास वाचला. गरोदर बाई, लहान मूल किंवा थोड्याशा ग्लुटेनने खूप आजारी पडणारं माणूस असेल तर चॅलेंज आत्ता करायचं की पुढे ढकलायचं हे डॉक्टरलाच ठरवू द्या.

रिपोर्ट धड इकडे ना तिकडे

बायोप्सीचा रिपोर्ट मार्श ग्रेडमध्ये येतो, मायकल मार्शने १९९२ मध्ये पायऱ्या ठरवल्या त्यावरून. मार्श ३, त्यात ३ए, ३बी, ३सी, म्हणजे विलाय झिजलेत. मार्श १ म्हणजे फक्त अस्तरातल्या पांढऱ्या पेशी वाढल्यात, आणि ते इन्फेक्शनने किंवा पेनकिलरने सुद्धा होतं, तेवढ्यावर कोणी जन्मभराचा शिक्का मारत असेल तर थांबा. रक्त पॉझिटिव्ह आणि बायोप्सी नॉर्मल असं असेल तर तुकडे पुरेसे होते का, ग्लुटेन चालू होतं का हे आधी बघायचं, मग काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. उलटं असेल, म्हणजे विलाय झिजलेत पण अँटीबॉडी नाहीत, तर जिआर्डियासारखं इन्फेक्शन, क्रोन्स हा आतड्याचा दुसरा आजार, किंवा ब्लडप्रेशरचं ओल्मेसार्टन हे औषध असं काहीही कारण असू शकतं. इथे कागदावरची औषधांची यादी कामाला येते. अशा वेळी "मला अजून खात्री नाही" म्हणणारा डॉक्टर सोडू नका.

निदान झाल्यावर

निदान लेखी मागा, टीटीजीचा आकडा, मार्श ग्रेड आणि तारीख असलेलं. त्याच भेटीत डाएटिशियनची चिठ्ठी, आणि लोह, बी१२, फोलेट, व्हिटॅमिन डी, थायरॉइड यातलं काय राहिलंय ते, मोठ्या माणसाला हाडांची डेक्सा तपासणीही. आईवडील, भावंडं, मुलं यांचीही टीटीजी करून घ्यायची, कारण सख्ख्या नात्यात साधारण १० जणांमागे एकाला हा आजार निघू शकतो, आणि ती टेस्ट फॅमिली डॉक्टरच लिहून देईल. टीटीजी परत ६ महिन्यांनी आणि मग वर्षाने, आकडा खाली येत राहिला पाहिजे. तो नॉर्मलला आला आणि तब्येत ठीक असली तर पुढची वर्षातून एकदाची रक्ततपासणी फॅमिली डॉक्टरकडेच करा, स्पेशालिस्टची फी तेव्हाच भरा जेव्हा आकडा परत चढेल किंवा डाएट पाळूनही वजन, जुलाब, हिमोग्लोबिन यातलं काही बिघडेल.